निष्ठेचा रकाना : हॅप्सबर्ग सेनाधिकाऱ्यांवरील एका ग्रंथाचें परीक्षण

राज्य बुडाल्यावर राजाचें काय झालें हें इतिहासकार सांगतात. प्रजेचें काय झालें हेंहि अलीकडे सांगूं लागले आहेत. परंतु त्या राजाची शपथ घेऊन ज्यांनीं वीस-वीस, तीस-तीस वर्षें चाकरी केली, त्या सेनाधिकाऱ्यांचें दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. १९१८ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ऑस्ट्रिया-हंगेरीचें हॅप्सबर्ग साम्राज्य मोडलें, तेव्हां हा प्रश्न सहस्रावधि माणसांपुढें एकदम उभा राहिला. ‘तुमचें राष्ट्र कोणतें?’ असें त्यांच्या सेनेनें त्यांस तोंवर विचारलें नव्हतें. आतां तें सांगितल्यावांचून नव्या राज्यांत चाकरीहि मिळेना आणि जुन्या चाकरीचें पेन्शनहि पदरांत पडेना.

या अधिकारीवर्गाचा १८४८ ते १९१८ पर्यंतचा सामाजिक व राजकीय इतिहास प्रो. इश्त्वान देआक (१९२६–२०२३) यांनीं ‘बियाँड नॅशनॅलिझम’ या इंग्रजी ग्रंथांत दिला असून तो १९९० सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. ग्रंथाचें नांव मराठींत ‘राष्ट्रवादाच्या पलीकडे’ असें होईल. ग्रंथकार मूळचे हंगेरींतले. पुढें न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत ते इतिहासाचे अध्यापक होते. या ग्रंथाची युरोपच्या इतिहासाच्या अभ्यासकांत कीर्ति झालीच आहे. ती वाढविण्यास आमची गरज नाहीं. आमच्या वाचकांपुढें तो आणण्याचें कारण निराळें आहे. हा ग्रंथ दप्तरांतील कागदांवर उभा आहे. आणि कागद काय सांगतो, काय सांगत नाहीं, व न सांगितलेल्या गोष्टींवरून आपण काय अनुमान करावें, हा जुने कागद गोळा करणाऱ्या प्रत्येकाच्या नित्य विचाराचा विषय आहे.

प्रथम त्या सेनेचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. १८६७ च्या तडजोडीनें साम्राज्याचे ऑस्ट्रिया व हंगेरी असे दोन विभाग झाले. प्रत्येक विभागाची स्वतःची दुय्यम सेना होती, तथापि मुख्य सेना सामाईक राहिली. तींत जर्मन, माग्यार, चेक, स्लोव्हाक, पोल, युक्रेनी, रुमानियन, क्रोएट, सर्ब, स्लोव्हेन, इटालियन असे नाना लोक होते. हुकुमाची भाषा जर्मन, पण ती अवघ्या ऐंशीएक शब्दांची. कचेरीचा लेखनव्यवहारहि जर्मनमध्यें चाले. याखेरीज प्रत्येक पलटणीला स्वतःची भाषा असे. ज्या भाषेचे लोक पलटणींत शेंकडा वीस अथवा त्याहून अधिक, ती त्या पलटणीची भाषा; आणि तींत नेमलेल्या अधिकाऱ्यानें ती तीन वर्षांच्या आंत शिकलीच पाहिजे, असा दंडक होता. कित्येक पलटणींस अशा दोन, क्वचित् तीनहि भाषा असत. बरोबरीचे अधिकारी, पूर्वीची ओळख नसली तरी, एकमेकांशीं ‘तूं’ म्हणून बोलत. आपल्याकडे एकेरी संबोधन जिव्हाळ्याचें असतें किंवा अपमानाचें असतें. तेथें तें एका बिरादरीचें चिन्ह होतें.

या बिरादरीचा शोध ग्रंथकारानें व्हिएन्ना येथील युद्धविषयक दप्तरखान्यांतील सेवापत्रकांवरून घेतला आहे. प्रत्येक अधिकाऱ्याचें असें एक गुप्त पत्रक असे. त्यांत त्याचें जन्मस्थान, धर्म, शिक्षण, येणाऱ्या भाषा, सांपत्तिक स्थिति, कर्ज, स्वभाव, वरिष्ठांशीं व हाताखालच्या लोकांशीं वर्तन, या गोष्टी वरिष्ठ अधिकारी नमूद करी. देआक यांनीं १८७० व १९०० या दोन सालांतील कनिष्ठ अधिकाऱ्यांचा नमुना निवडून त्यांच्या पत्रकांचा तपशीलवार अभ्यास केला आहे. विवाहापूर्वीं भरावी लागणारी जबर अनामत रक्कम, मानापमानाचीं द्वंद्वयुद्धें, कर्जबाजारीपणा, बढतीची मंदगति, यांविषयींचीं प्रकरणें या परिश्रमामुळें सजीव झालीं आहेत. बखरकाराप्रमाणें ऐकीव गोष्टींची माळ न ओंवतां, एकेक पत्रक हातीं घेऊन त्यांतून माणूस उभा करण्याची ही रीत आम्हांस अत्यंत अनुकरणीय वाटते.

आतां मतभेदाकडे वळूं. सेवापत्रकांत धर्माचा रकाना आहे, भाषांचा आहे. परंतु राष्ट्राचा रकाना नाहीं. या वस्तुस्थितीवर ग्रंथकाराची भिस्त मोठी आहे. सेनेनें अधिकाऱ्याचें राष्ट्र विचारलें नाहीं, त्याच्यापाशीं केवळ सम्राटाविषयींची निष्ठा मागितली, आणि तो बव्हंशीं राष्ट्रवादाच्या पलीकडे राहिला, असा एकंदर ग्रंथाचा रोंख आहे. यांतील पहिलीं दोन विधानें कागदांवरून सिद्ध होतात. तिसरें तसें सिद्ध होत नाहीं. रकाना नाहीं याचा अर्थ विचारणाऱ्यास त्या गोष्टीची जरूर नव्हती, इतकाच. ज्यास विचारलें नाहीं त्याच्या मनांत उत्तर नव्हतें, असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. आपल्या जुन्या हजेरीपटांत शिपायाचें नांव, घोडें, रोजमुरा हीं असतात. त्यांत त्याची कुलदेवता लिहिलेली नसते, म्हणून तो निर्देव होता असें कोणी म्हणणार नाहीं.

उलट दिशेनें होणारी चूकहि तितकीच मोठी आहे, व ती दाखवून दिल्याबद्दल ग्रंथकाराचे आभार मानले पाहिजेत. महायुद्धापूर्वींच्या सरकारी लष्करी आंकडेवारींत कायम नोकरींतील अधिकाऱ्यांपैकीं तीन-चतुर्थांशाहून अधिक जर्मन दाखविले आहेत. पुढें नव्या राज्यांतील लेखकांनीं हाच आंकडा घेऊन ‘ही सेना आमची नव्हतीच, जर्मनांची होती’ असें प्रतिपादन केलें. देआक यांचें म्हणणें असें कीं हा आंकडा विश्वसनीय नाहीं व जर्मनांचें खरें प्रमाण त्याहून बरेंच कमी असावें. कारण जर्मन शाळेंत शिकलेला, जर्मनमध्यें लिहिणारा प्रत्येक जण जर्मन धरला गेला. हें आम्हांस पटतें. नांवावरून, जन्मगांवावरून किंवा भाषेवरून मेलेल्या माणसास राष्ट्र चिकटविण्याचा मोह प्रत्येक संशोधकास होतो. बाप चेक, आई जर्मन, चाकरी रुमानियन पलटणींत आणि बायको हंगेरियन, अशा माणसास कोणत्या रकान्यांत घालावें? जो घालील तो त्या माणसाचा इतिहास लिहीत नसून स्वतःच्या काळाचा लिहीत असतो.

तेव्हां खरी कसोटी कोणती? आमच्या मतें ती एकच : शपथ संपल्यावर या माणसांनीं काय केलें. १९१८ पर्यंत निष्ठा दाखविण्यास दुसरा मार्गच नव्हता. तिची परीक्षा त्यानंतर झाली. आणि ग्रंथाचा मुख्य उणेपणा येथेंच आहे. नव्या राज्यांतील व दुसऱ्या महायुद्धांतील या अधिकाऱ्यांचा वृत्तांत ग्रंथकारानें एका उपसंहारांत आटोपला आहे. त्यास कारणहि आहे. सेवापत्रकें साम्राज्याबरोबर संपतात; पुढील कागद अनेक राज्यांच्या दप्तरांत अनेक भाषांत विखुरले आहेत. पण कागद जेथें संपले तेथें विषयहि संपला असें होत नाहीं. आम्ही येथें कांहीं प्रसिद्ध उदाहरणें घेऊन हा प्रश्न किती खोल जातो तें दाखवूं इच्छितों.

पहिली गोष्ट ही कीं शपथ मोडण्याचा प्रश्न पुष्कळांपुढें आलाच नाहीं. ऑक्टोबरअखेर सम्राट कार्ल यानेंच अधिकाऱ्यांस आपापल्या राष्ट्रीय सेनांत जाण्यास मोकळीक दिली. ३१ ऑक्टोबर १९१८ रोजीं त्याच्याच आज्ञेनें नौसेनापति मिक्लोश होर्टी यानें पोला बंदरांतील आरमार दक्षिण स्लाव लोकांच्या राष्ट्रीय मंडळाच्या हवालीं केलें. नव्या आरमाराचा अधिपति म्हणून यांको वुकोविच या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. दुसऱ्या दिवशीं पहांटे, हें हस्तांतर ठाऊक नसलेल्या दोघां इटालियनांनीं पोहत येऊन लावलेल्या सुरुंगानें मुख्य युद्धनौका बुडाली व वुकोविच तींतच मरण पावला. त्या नौकेचें लॅटिन नांव ‘संयुक्त बलांनीं’ अशा अर्थाचें होतें. तें वृद्ध सम्राट फ्रान्झ योझेफ याचें ब्रीद होय. येथें राष्ट्र बदललें तें स्वामीच्या हुकुमानें. याला राष्ट्रवाद म्हणावें कीं स्वामिनिष्ठेचें शेवटचें कृत्य म्हणावें? आमच्या मतें दोन्ही नांवें अपुरीं पडतात.

मनूनें राज्याचीं सात अंगें सांगितलीं आहेत, त्यांत स्वामी हें एक अंग, राष्ट्र हें दुसरें, आणि दंड म्हणजे सेना हें त्या दोहोंहून निराळें अंग आहे. तेथें ‘राष्ट्र’ म्हणजे देश व त्यांतील वस्ती. एका भाषेचा, एका रक्ताचा म्हणविणारा समुदाय हा अर्थ त्या शब्दास फार अलीकडे आला. हॅप्सबर्ग अधिकाऱ्यास जुना अर्थ कळत होता, नवा त्याजवर येऊन आदळला. स्वामी हें अंग गळाल्यावर दंडानें कोणास चिकटावें, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. आणि देआक यांच्या ग्रंथाचें नांव त्यास जें ‘पलीकडे’चें स्थान देतें, तें अलीकडचें होतें असें म्हणणें आम्हांस अधिक युक्त वाटतें. राष्ट्रवाद ओलांडून पुढें जाण्यापूर्वीं तो प्रथम भेटावा लागतो. यांतील बहुतेकांस तो १९१८ सालींच भेटला.

भेटल्यावर काय झालें याचे तीन प्रकार दिसतात. कित्येकांनीं राष्ट्र वरिलें. स्लोव्हेन मेजर रुडॉल्फ माइस्टर हा मारिबोर येथें सम्राटाचा अधिकारी होता व कवि म्हणूनहि त्याची ख्याति होती. १ नोव्हेंबर १९१८ रोजीं त्यानें तें शहर नव्या दक्षिण स्लाव राज्याचें म्हणून ताब्यांत घेतलें व तो सेनापतिपदास चढला. पुढें कारिंथिया प्रांताच्या सीमेवर जो झगडा झाला, त्यांत त्या प्रांताच्या जर्मन पक्षाचें नेतृत्व लेफ्टनंट कर्नल लुडविग ह्युल्गेर्थ या त्याच साम्राज्याच्या अधिकाऱ्याकडे होतें. एका शाळेंत युद्धशास्त्र शिकलेले लोक एकमेकांवर नेम धरूं लागले. तो प्रश्न १० ऑक्टोबर १९२० च्या जनमतानें मिटला. शेंकडा ५९ मतें ऑस्ट्रियाच्या बाजूनें पडलीं.

श्येप्तित्स्की बंधूंचें उदाहरण याहून विचार करण्यासारखें आहे. स्तानिस्लाव (१८६७–१९५०) हा सम्राटाच्या सेनेंतील अधिकारी. साम्राज्य मोडल्यावर तो पोलंडचा सेनापति व १९२३ सालीं युद्धमंत्री झाला. त्याचा वडील बंधु आंद्रेय (१८६५–१९४४) हा ल्विव येथील ग्रीक-कॅथोलिक पंथाचा महाधर्माध्यक्ष, म्हणजे युक्रेनी लोकांचा सर्वांत पूज्य पुढारी. १ नोव्हेंबर १९१८ पासून याच ल्विव शहरासाठीं पोल व युक्रेनी लोकांत युद्ध पेटलें. बाप एक, आई एक, घर एक. आणि राष्ट्रें दोन, तींहि एकमेकांच्या उरावर बसलेलीं. जन्मावरून राष्ट्र ठरतें असें मानणाऱ्यांनीं या घराची वंशावळ पुढें ठेवून विचार करावा.

दुसरा प्रकार ज्यांस राष्ट्रानें नाकारलें त्यांचा. फील्डमार्शल स्वेतोझार बोरोएविच हा १८५६ सालीं क्रोएशियाच्या जुन्या लष्करी सरहद्दीवरील ऑर्थोडॉक्स घराण्यांत जन्मला. इसोंझो नदीवर इटालियन सैन्यास त्यानें १९१५ पासून दोन वर्षांवर थोपवून धरलें. साम्राज्य बुडाल्यावर नव्या दक्षिण स्लाव राज्यानें त्यास थारा दिला नाहीं. तो १९२० सालीं क्लागेनफुर्ट येथें विपन्नावस्थेंत मरण पावला व व्हिएन्नांत पुरला गेला. तो सर्ब होता कीं क्रोएट होता, यावर त्याच्या मागें लेखकांचे वाद झाले आहेत. जिवंतपणीं ज्यास कोणी घेईना, त्याच्या मेल्यावर वांटणीसाठीं भांडण, असा हा प्रकार आहे. चेकोस्लोव्हाकियांतील स्थिति याच जातीची. तेथें मान होता तो शत्रूच्या कैदेंतून फुटून साम्राज्याविरुद्ध लढलेल्या स्वयंसेवक पथकांतील लोकांस. ज्यांनीं घेतलेली शपथ शेवटपर्यंत पाळली, ते जुने अधिकारी नव्या सेनेंत घेतले गेले खरे, पण संशयानें पाहिले गेले. पहिला सेनाप्रमुख तर पेले नांवाचा फ्रेंच सेनापति होता. शपथ मोडणें हा गुण व पाळणें हा दोष ठरला. नव्या राज्याच्या दृष्टीनें हें स्वाभाविकच होतें. परंतु ज्या माणसाचा सारा शिपाईपणा दिलेल्या शब्दावर उभा, त्यास हा हिशेब कसा समजावा?

तिसरा प्रकार हंगेरीचा. होर्टी हा अनेक वर्षें सम्राट फ्रान्झ योझेफ याच्या निकट सेवेंत होता. १९२० सालीं तो हंगेरीचा राज्यप्रतिनिधि झाला. १९२१ सालीं राजा कार्ल दोनदां आपलें सिंहासन मागावयास परत आला आणि दोन्ही वेळां होर्टीनें त्यास परतविलें. दुसऱ्या खेपेस, ऑक्टोबरांत, बुदाओर्श गांवाजवळ गोळीबार झाला. राजाच्या बाजूस उभा होता कर्नल आंतोन लेहार, प्रख्यात संगीतकार फ्रान्झ लेहार याचा भाऊ व एका लष्करी वाद्यवृंदप्रमुखाचा मुलगा. दोघेहि एकाच सम्राटाचे अधिकारी. एकानें राजास परतवून राजाशिवायचें राज्य चालविलें. दुसऱ्यानें राजासाठीं देश सोडला. यांत कोण हंगेरियन अधिक, हा प्रश्न निरर्थक आहे. कोण शपथेस अधिक जागला, हें मात्र विचारतां येतें, आणि देआक यांच्या ग्रंथांत हाच प्रश्न मध्यवर्ती असावयास हवा होता.

दप्तरांवर प्रेम करणाऱ्यांनीं आणखी एक नांव ध्यानांत ठेवावें. एडमुंड ग्लाइझ-होर्स्टेनाउ हा साम्राज्याच्या सेनेंतील अधिकारी १९२५ पासून १९३८ पर्यंत व्हिएन्नाच्या त्याच युद्धविषयक दप्तरखान्याचा प्रमुख होता, ज्याच्या कागदांवर प्रस्तुत ग्रंथ आधारलेला आहे. महायुद्धाचा सरकारी इतिहास त्याच्या देखरेखीखालीं निघाला. मार्च १९३८ मध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला, त्या वेळीं तो तेथील अल्पायुषी मंत्रिमंडळांत उपमुख्यमंत्री होता. १९४१ पासून झाग्रेब येथें जर्मनीचा सेनापति-प्रतिनिधि. तेथें १० एप्रिल १९४१ रोजीं स्वतंत्र क्रोएशियाची घोषणा करणारा स्लाव्को क्वाटेर्निक हाहि जुन्या सम्राटाचाच अधिकारी. ग्लाइझनें १९४६ सालीं कैदेंत आत्महत्या केली; क्वाटेर्निकास १९४७ सालीं झाग्रेबांत देहान्तशिक्षा झाली. ‘राष्ट्रवादाच्या पलीकडील’ सेनेंत वाढलेलीं माणसें राष्ट्रवादाच्या अत्यंत क्रूर रूपाच्या सेवेंत शिरलीं, याचा उलगडा केवळ ‘जुनी निष्ठा लोपली’ एवढ्यानें होत नाहीं. निष्ठेची संवय राहिली, तिचा स्वामी मात्र गेला. आणि रिकाम्या आसनावर जो येऊन बसला त्याच्या योग्यायोग्यतेची चौकशी करण्याचें शिक्षण त्या सेनेनें दिलेंच नव्हतें, असें आम्हांस वाटतें.

शेवटीं ज्यू अधिकाऱ्यांविषयीं. हा ग्रंथांतील सर्वोत्तम भाग होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राखीव अधिकाऱ्यांपैकीं सुमारे शेंकडा १८ ज्यू होते. त्या काळच्या प्रशियन सेनेंत ज्यूस राखीव अधिकाऱ्याचें पद मिळणें जवळजवळ अशक्य होतें. फ्रान्झ थिओडोर चोकोर या ऑस्ट्रियन नाटककाराचें ‘३ नोव्हेंबर १९१८’ हें नाटक १९३७ सालीं व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरांत झालें. हिमानें वेढलेल्या आरोग्यगृहांत निरनिराळ्या जातीचे अधिकारी आहेत. साम्राज्य मोडल्याची वार्ता येतांच वृद्ध कर्नल स्वतःवर गोळी झाडतो. त्याच्या थडग्यांत प्रत्येक अधिकारी आपापल्या देशाच्या नांवानें माती टाकतो. पलटणीचा ज्यू डॉक्टर मात्र अडखळतो, आणि ऑस्ट्रियाच्या नांवानें टाकतो. नाटककारानें एका प्रवेशांत जें सांगितलें तेंच देआक यांच्या आंकड्यांवरून निघतें : साम्राज्यावांचून ज्यास दुसरें कोणतेंच राष्ट्र उरलें नाहीं असा अधिकारी एकच होता. १९४२ पासून महायुद्धांत पदकें मिळविलेल्या पुष्कळ ज्यू वृद्धांस टेरेझीन येथें कोंडण्यांत आलें. तो किल्ला सम्राट दुसऱ्या योझेफानें अठराव्या शतकांत बांधून त्यास आपल्या मातेचें नांव दिलें होतें. ज्या घराण्याची त्यांनीं शपथ घेतली, त्याच घराण्याच्या तटांच्या आंत ते मेले.

तात्पर्य, ग्रंथाच्या शीर्षकाशीं आमचा वाद आहे, ग्रंथाच्या परिश्रमाशीं नाहीं. उपसंहार आहे त्याच्या चौपट मोठा असता, तर तो वाद बहुधा राहिला नसता. हें काम आतां दुसऱ्या कोणीतरी, प्राग, बुडापेस्ट, वॉर्सा, झाग्रेब येथील दप्तरें एकत्र वाचून, पुरें केलें पाहिजे. आमच्या वाचकांनीं मात्र या ग्रंथापासून एक धडा अवश्य घ्यावा. जुन्या यादींत एखाद्या शिपायाचें नांव आढळलें कीं तो ‘आपला’ होता कीं ‘परका’ होता हें ठरविण्याची घाई होते. यादी लिहिणाऱ्यानें तो प्रश्न विचारला होता काय, हें अगोदर पाहावें. विचारला नसेल तर रकाना कोरा ठेवावा, आणि तो माणूस पुढें कोठें गेला, कोणाच्या विरुद्ध लढला व कोठें पुरला गेला, याचे कागद धुंडाळावे.